आईवर केलेला प्रयोग

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत काल कपाट आवरताना पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलची वही सापडली. उघडताच तांदळाच्या कोंड्याचा वास आला आणि मी शाहूवाडीच्या आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात जाऊन बसले.

मानसशास्त्राला नुकता प्रवेश घेतला होता. सुट्टीत घरच्या कुणावर तरी शब्दांची चाचणी करून आणायची होती. आपण एक शब्द म्हणायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा आणि किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहायचं. मी आईला धरलं. ती तांदूळ पाखडत होती.

"पाणी."

"घागर."

"रस्ता."

"एसटी."

भराभर चाललं होतं. मग मी म्हटलं, "आनंद."

सूप थांबलं. आई दाराबाहेर बघत राहिली. तिच्या केसांवर कोंडा बसला होता. घड्याळ पळत होतं आणि मला माझे मार्क जाताना दिसत होते.

"आई, पटकन सांग की! सोपा तर हाय."

"न्हाय गं सुचत," ती ओशाळून हसली. "लिव की तुझ्या मनानं कायतरी."

आता या खोलीत समोरचं माणूस गप्प झालं, की मी थांबते. घड्याळाकडं बघतसुद्धा नाही. आईसमोर तसं थांबायचं राहूनच गेलं. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

वहीत त्या शब्दापुढं माझ्या सुबक अक्षरात लिहिलंय: सण. वेळ, दोन सेकंद. आणि शेजारी सरांची लाल शाईतली बरोबरची खूण.