सायंटिस्ट साहेबांची सोबत

सांगितलेल्या पहिल्याच भावाला "ठीक आहे" म्हणणारा माणूस अख्ख्या दिल्लीत मी एकच पाहिला. मयूर विहारात तेव्हा सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या, आणि ताबा मिळाला की जो तो आधी बाल्कनी बंद करून घेत होता. माझा खिडक्यांचा धंदा त्यावरच वाढला. तिसऱ्या मजल्यावरच्या या गृहस्थांना मी रिवाजाप्रमाणे चढा भाव सांगितला. ते "ठीक आहे" म्हणाले आणि आत वळले. माझं डोकंच फिरलं. "अहो सर, भाव तरी करा!" मी मराठीत ओरडलो, दारावरचं मराठी आडनाव वाचलं होतं. शेवटी मीच माझ्याशी भांडून भाव खाली आणला. ते कौतुकाने ऐकत उभे होते.

सोसायटीत त्यांना सायंटिस्ट साहब म्हणत. एका संस्थेत ते भौतिकशास्त्राचं संशोधन करत. पण यंत्र नाही, प्रयोग नाही, नुसतं गणित. लग्न केलेलं नव्हतं. माझी बायको दिल्लीला कंटाळून मुलांसह अकोल्याला परत गेली होती. दुकान बंद केलं की मी त्यांच्याकडे जाई. चहा मीच करायचो, कारण ते आधण ठेवून विसरत. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून ते भिंतीकडे बघत बसत. सुरुवातीला मला हा अपमान वाटे. नंतर मीही भिंतीकडे बघायला शिकलो.

त्यांचा प्रश्न कृष्णविवराचा होता. त्यात पडलेली वस्तू परत येत नाही. मग तिची माहिती कायमची पुसली जाते का? ते म्हणत, "नाही. आतला सगळा हिशेब बाहेरच्या पृष्ठभागावर असतो. माझं गणित तसं म्हणतं."

"म्हणजे गोदामात काय माल आहे ते शटरवरून कळायचं?"

"बिल्कुल! शेठ, बिल्कुल!" ते इतके हसले की चहा सांडला.

मग छापत का नाही, असं मी दर काही दिवसांनी विचारी. उत्तर ठरलेलं: "एक पायरी अजून पटत नाही." मी चिडायचो. "यार सर, माल तयार आहे तर बाजारात आणा. कुणी दुसरा आणेल." वर्षं गेली. ती पायरी काही पटली नाही.

आणि दुसऱ्यांनी आणलाच. इंटरनेटवर रोज सकाळी जगभरातले नवे पेपर येत. एके दिवशी त्यात परदेशातल्या दोघांचा पेपर होता. उत्तर हेच, आणि ती अवघड पायरी त्यांनी सरळ गृहीत धरली होती. संध्याकाळी सरांनी हे, पाऊस पडून गेल्याचं सांगावं तसं, सहज सांगितलं.

मी उभाच राहिलो. "भांडा! त्यांना लिहा की हे आधी मी काढलंय. कागद आहेत तुमच्याकडे!"

"लिहिलं ना. अभिनंदन केलं. एका जागी चिन्ह चुकलं होतं, तेही कळवलं."

"फुकट?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "शेठ, इतकी वर्षं हे खरं आहे हे जगात मला एकट्यालाच माहीत होतं. फार एकटं वाटायचं हो. आता ती दोघं आहेत."

मला लागलं. "आणि मी? मला सांगितलं नव्हतंत?"

"सांगितलं होतं. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. त्यांनी स्वतः गणित करून पाहिलं."

हे त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की भांडताही येईना. मी कप विसळून ठेवले आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तर ते दार उघडून म्हणाले, "अच्छा, आलात!" आणि पुन्हा गणितातल्या त्या न पटलेल्या पायरीवर जाऊन बसले.

निवृत्त झाल्यावर ते धारवाडला बहिणीकडे गेले. तिथेच वारले, मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. त्या दोघांना कुणी कळवलं की नाही, मला माहीत नाही. बाजारात मी कुणाचं ऐकून घेत नाही, असा माझा लौकिक आहे. त्या संध्याकाळी मात्र ऐकून घेतलं. नुसता विश्वास ठेवणारा माणूस सोबतीत मोजायचा नसतो, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण हा वाद घालायचा कुणाशी?