पारबता आत्याची खाण

माझ्या आत्याच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, निळसर ठिपक्यांची एक वेडीवाकडी रांग होती... हिवाळ्याच्या सकाळी ती अंगणात शेगडी पेटवायला बसली, दगडी कोळशाचा कडवट, गंधकी धूर आमच्या नागपुरातल्या अरुंद गल्लीभर पसरू लागला, की मी त्या ठिपक्यांकडे टक लावून बघत बसे. शेजारणींच्या हातांवर गोंदलेली तुळस असे, मोर असे. आत्याचं गोंदण मात्र कशासारखंच दिसत नसे. पारबता आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आईबापांमागे तिनेच त्यांना वाढवलं, एवढंच मला ठाऊक होतं.

सत्तरच्या दशकात, मी सहावीत असताना, शाळेत घराण्याची माहिती लिहून आणायला सांगितली. बाबा कचेरीत कारकून. बोलणं मोजकं, शुद्ध. "आजोबा शेती करत," त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तांदूळ निवडणाऱ्या आत्याचे हात थांबले. रविवारी पहाटेच तिने माझी वेणी घातली आणि आम्ही दोघी छिंदवाड्याच्या बसमध्ये बसलो. सावनेर मागे पडलं, घाट लागला, सागाच्या वाळल्या पानांचा वास खिडकीतून आत येऊ लागला — आणि भर दुपारी एका ओसाड माळावर, जमिनीत उतरत गेलेल्या बोगद्याच्या विटांनी बुजवलेल्या तोंडाशी आम्ही उभ्या राहिलो. फटींतून गार, कुबट हवा येत होती.

"हे आपलं वावर," आत्या म्हणाली. "तुया आजा आत कोळसा फोडे. मी टोपलीनं वर आणत होती. तुयाहून थोडीच मोठी असन."

"आणि आजोबांचं काय झालं?"

"छत बसलं. मी टोपली घेऊन वर आली होती, म्हणून वाचली." तिने हात पुढे केला. "बापाले उकरता उकरता फाटला हा. कोळसा आतच राहून गेला."

"मग तू पुन्हा खाली गेलीस?"

"चौथ्या दिवशी. तुया बाप पाच वर्षांचा होता वं. त्याले कोणं चारलं असतं?"

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांच्या तोंडून मी कधीच न ऐकलेल्या बोलीत ते म्हणाले, "मले लाज नाही वाटत, पोरी. बाई, तुई आत्या, खाली गेली, की मी खाणीच्या तोंडाशी बसून राहत होतो. बाप आला नव्हता... वाटे, बाईही येणार नाही. शेती म्हटलं, की ते तोंड डोळ्यांपुढं येत नाही."

मी खोडरबर हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. वही तशीच शाळेत गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी आत्याचा खोकला हटेना, तेव्हा तिला इस्पितळात ठेवलं. खाटांच्या रांगा, नातेवाइकांची गर्दी, फिनाईलचा वास. छातीचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टरांनी विचारलं, "या काय काम करायच्या?"

मी बाबांकडे पाहिलं. ते खाटेजवळून पुढे आले.

"कोळशाच्या खाणीत होती. जमिनीखाली. तिच्याच कमाईवर शिकलो मी."

"हळू बोल गा," आत्या डोळे न उघडता पुटपुटली, "लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे वं, बाई," बाबा म्हणाले, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

त्यानंतर आत्या महिनाभर होती. बाबा रोज तिच्या उशाशी बसून विचारत — आई दिसायला कशी होती, आपण खापा गाव सोडून तिकडे खाणीवर काहून गेलो, आजाचं नाव काय... कधी तिला आठवे, कधी नुसता श्वास लागे. जेवढं तिने सांगितलं, तेवढंच आमचं घराणं. त्यापलीकडचं कुणालाच माहीत नाही.