सेनोची पाळी

आमचे सासरे शिगेझो उकिता निवृत्त झाले, असं फक्त रेल्वेला वाटत होतं. मुको नदीच्या घळईतली जुनी लाइन बंद पडली, रूळ उचलून नेले. उरले कुजके स्लीपर, गंजलेला पूल आणि एकामागून एक बोगदे. आता तिथून पाठीला पिशव्या लावलेले हौशी लोक फिरायला जातात. त्यांच्यातूनच आमचे बाबा खाकी टोपी घालून, कधीचा बंद पडलेला हातकंदील घेऊन रोज सकाळी रूळ तपासायला निघायचे. नसलेले रूळ!

त्यांच्या कामात नुसतं बघून भागत नसे. बोट दाखवायचं आणि मोठ्यानं सांगायचं, "उजवी बाजू, ठीक!" घरात गॅस बंद केला तरी ते शेगडीकडे बोट दाखवून ओरडायचे. मी नवी नवरी होते तेव्हा दचकून हातातलं भांडंच टाकलं होतं. पाळी बदलतानाही तेच. जाणाऱ्यानं बोलायचं, येणाऱ्यानं ते परत म्हणायचं, मग कंदील त्याच्या हातात द्यायचा. उत्तर आल्याशिवाय पाळी सुटत नाही.

लाइनच्या शेवटच्या दिवशी मधल्या लांब बोगद्यात बाबांची पाळी त्यांचा जोडीदार सेनो घेणार होता. तो पोचलाच नाही. वाटेत घसरून नदीत पडला आणि कधी सापडला नाही. तेव्हापासून बाबा पाळीवरच होते.

यंदा पानं लाल व्हायच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, चालणं बंद करा. बाबा ऐकतात होय! ते त्या काळोखात एकटेच कोसळतील, या भीतीनं माझी झोप उडाली. शेवटी ठरवलं, सेनोचं उत्तर आपणच द्यायचं. फसवणूक तर फसवणूक.

"मी येते आज," मी म्हटलं.

"तू? तोंड बंद ठेवता येईल?"

"तुमच्याइतकी तरी नाही ओरडत."

पाऊस नुकताच थांबला होता आणि नदी खडकांवर आपटत होती. बोगद्यात शिरलो आणि थोड्याच वेळात तो आवाज मागे राहिला. मध्ये वळण आहे. तिथून बोगद्याचं एकही तोंड दिसत नाही. मी बाबांच्या उजवीकडे उभी राहिले, टॉर्च पायाशी धरला. त्यांनी काळोखात बोट दाखवलं.

"बोगदा, ठीक! पाळी देतो!"

आणि ते वाट बघत राहिले. इतक्या विश्वासानं, की मला रडू फुटायला आलं. मी आवाज जाड केला.

"बोगदा, ठीक! पाळी घेतो!"

बाबांचे खांदे सैल पडले. "उशीर केलास रे, सेनो," असं म्हणत त्यांनी कंदील पुढे केला. माझ्याकडे नाही. डावीकडे, भिंतीच्या बाजूला. आणि हात सोडला.

लोखंड दगडावर पडल्याचा आवाज येईल म्हणून मी थांबले. आला नाही. टॉर्च वळवला तर बाबांचा हात रिकामा होता. खाली खडी, समोर ओली भिंत. मी त्यांचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच बाहेर आणलं.

बाहेर उन्हात बसून त्यांनी टोपी काढली आणि मी आणलेला भाताचा गोळा चवीनं खाल्ला.

"बाबा, कंदील कुठाय?"

"दिला की." मग थोडे वैतागून म्हणाले, "पण तू मध्येच कशाला ओरडलीस, चिसाको? तो बोलतच होता."

त्यानंतर बाबा घळईकडे फिरकले नाहीत. दुपारी जेवून गाढ झोपतात, घोरतात. मी सुटले, आणि घाबरलेही आहे, दोन्ही खरं. हल्ली गॅस बंद केला की माझंही बोट आपोआप शेगडीकडे जातं. मोठ्यानं मात्र मी काही म्हणत नाही. कुणी उत्तर दिलं म्हणजे?