अंगठ्याखालची ओळ

बेळगावातल्या आमच्या चर्चचे क्लार्क अण्णा बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे, एक शब्द गाळायचे नाहीत. मी वडिलांना घेऊन आजोबांची नोंद बघायला गेलो, तेव्हाही त्यांनी तसंच सुरू केलं. आजोबांचं नाव झालं, त्यांच्या आईचं झालं आणि अण्णा थांबले. मी वाकून पाहिलं. बापाच्या नावाच्या जागी ‘माहीत नाही’ असं लिहिलं होतं.

“फुडं वाचा की,” वडील म्हणाले.

अण्णांनी त्या शब्दांवर अंगठा ठेवला. “शाई उडालीया आप्पा, काय दिसंना.”

वडील बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“ऱ्हाऊ द्या,” ते हळूच म्हणाले. “माझ्या आजीनं जाताना सांगितलंतं मला.”