चित्राआधी येणारा आकडा

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. बायको म्हणते, भिंगरी पायाला नाही, डोक्याला आहे. सिनेमा लागला की शेवट काय तो मी फोनवर आधी वाचून घेतो आणि मग निवांत बघतो. दवाखान्याच्या रांगेत माझा नंबर कधी येणार याचा हिशोब पुढच्या लोकांच्या चेहऱ्यांवरून मांडतो. पुढं काय होणार हे ठाऊक नसणं मला अंगावर ओला शर्ट घालून बसल्यासारखं वाटतं.

असल्या माणसाच्या हाती अंदाजांचा एक ऑनलाइन बाजार पडला. डब्लिनमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत तो दाखवला. व्हिडिओ गेमचे व्यावसायिक सामने असतात, पाच विरुद्ध पाच, जर्सी, कोच, भरलेली प्रेक्षागृहं, सगळं साग्रसंगीत. कोण जिंकणार यावर या बाजारात शेअरसारखे हिस्से मिळतात. तुमची टीम जिंकली तर एका हिश्शाचे शंभर सेंट, हरली तर शून्य. सामना चालू असताना भाव या दोन टोकांच्या मध्ये हलत राहतो. साठवर असेल तर समजायचं, जगाच्या मते ती टीम जिंकायची शक्यता साठ टक्के. बायको म्हणाली, "याला सरळ जुगार म्हणतात रे." मी म्हणालो, ट्रेडिंग. रकमा किरकोळ असायच्या म्हणून तिनं विषय वाढवला नाही.

खरं तर मला ओढ पैशाची नव्हती. एखादी गोष्ट होण्याआधी तिचा वास येणारी जागा मला सापडली होती.

आता मुलीबद्दल. चौदा वर्षांची आहे. जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, पण उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत येतं. आणि गेल्या वर्षभरात तेही एकाच शब्दात यायला लागलं होतं. शाळा कशी होती? ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक'. भाजी आवडली का? ग्रँड. बरं नाहीये का तुला? आयम ग्रँड. फक्त शनिवारी दुपारी तिला कंठ फुटायचा. बायको ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात ड्युटीवर असायची, आणि आम्ही दोघं सोफ्यावर, मध्ये चिवड्याचं भांडं, समोर तिच्या लाडक्या निळ्या जर्सीवाल्या टीमचा सामना. एका बाजूनं बॉम्ब पेरायचा, दुसरीनं तो वेळेत निकामी करायचा, असा तो खेळ. कोण कुठून धूर फेकतोय, कोण उगाच घाई करतोय, हे ती मला तासभर समजावून सांगायची. आठवड्यातला तेवढाच तास माझी मुलगी माझ्याशी बोलायची. तो तास जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

आणि तोच मी घालवत होतो.

झालं असं की सामन्याचं चित्र आपल्यापर्यंत मुद्दाम उशिरा सोडतात, बाहेरून कुणी खेळाडूंना खुणा करू नयेत म्हणून. पण प्रेक्षागृहात बसलेल्यांना सगळं तेव्हाच्या तेव्हा दिसतं, आणि त्यांच्यातले काही लगेच खरेदी-विक्री करतात. त्यामुळे भाव आधी हलतो, चित्र मागून येतं. टीव्हीवर तिचा खेळाडू भिंतीआड दबा धरून बसलेला असायचा आणि माझ्या मांडीवरच्या फोनमध्ये त्याचा केव्हाच निकाल लागलेला असायचा. ती श्वास रोखून बसायची. मी चिवड्याचा बकाणा भरायचो.

एका शनिवारी तिची टीम शेवटच्या एका खेळाडूवर आली. ती सोफ्याच्या कडेवर, दोन्ही मुठी हनुवटीखाली. माझ्या फोनवर भाव धाडकन कोसळला. मला तिची दया आली आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "व्हाय आर यू बीइंग नाइस?"

मी काही बोलायच्या आत पडद्यावर तो खेळाडू पडला. तिनं एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग माझ्या मांडीवरच्या फोनकडे. पोरगी हुशार आहे. हे कसं कळतं, असं तिनं विचारलं, आणि माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. मी तिला ते पान उघडून दाखवलं. उशीर का असतो, भाव का पळतो, नुसतं बघायला खातंबितंही लागत नाही, सगळं उत्साहानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सो इट्स ओव्हर," ती म्हणाली, "अँड यू जस्ट सिट देअर वॉचिंग मी?"

मी चिवड्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

त्यानंतर ती सामना बघेनाशी झाली, माझा चेहरा बघायला लागली. मी भुवई हलवली तरी तिचा चेहरा पडायचा. मी चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न केला, तर ते अजूनच वाईट दिसत असावं. शेवटी तिनं लॅपटॉप उचलला आणि वर आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढचे शनिवार मी खाली एकटा बसलो. वरून तिच्या आरोळ्या ऐकू यायच्या. पण आरोळी येणार की नाही, हे मला तिच्याआधी ठाऊक असायचं. वर ती अजून आशा धरून बसलेली आणि खाली मी जिन्याकडे बघत, ही आशा मोडायला अजून किती क्षण उरलेत याचा विचार करत. एवढं एकटं मला पहिल्यांदा या देशात आलो तेव्हाही वाटलं नव्हतं.

निळ्यांचा बादफेरीतला सामना आला, हरणारा घरी जाणार असा. मी वर जाऊन दार वाजवलं.

"खाली ये. मी सगळे हिस्से विकून टाकलेत. फोन किचनच्या प्रेसमध्ये ठेवलाय, डाळींच्या डब्यांमागे." इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता मीही म्हणतो.

ती खाली आली. आधी किचनमध्ये गेली, डबे सरकवून फोन तिथेच असल्याची खात्री करून घेतली, आणि मग सोफ्यावर येऊन बसली. "ग्रँड," म्हणाली. हा ग्रँड आधीच्यांपेक्षा बरा होता.

न कळता बसणं किती कठीण असतं, हे मी विसरून गेलो होतो. माझे हात शिवशिवत होते. मी चहा टाकायला उठलो आणि तसाच परत आलो. वाळलेले कपडे घड्या घालायला घेतले आणि तिचा एकच मोजा तीनदा गुंडाळला. चुकीच्या वेळी ओरडलो, समोरच्या टीमच्या खेळाडूला शाबासकी दिली. "बाबा, दॅट्स देअर लॅड," म्हणत ती हसायला लागली. पोट धरून हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला माझ्यावर हसताना बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं की सामना हरले तरी चालेल असं क्षणभर वाटून गेलं.

सामना शेवटच्या फेरीवर आला. आमचा एक उरला, त्यांचे दोन. आमच्यानं एकाला टिपलं, मग दुसऱ्यालाही. आता बॉम्ब तेवढा निकामी करायचा राहिला होता, पण तो लांब होता आणि त्याची टिकटिक वाढत चालली होती. मी उभाच राहिलो. "पोचतोय, पोचतोय बघ, पळ रे," असं काहीतरी बडबडत होतो. तिचा हात धरावा म्हणून मी तिच्याकडे वळलो.

ती टीव्हीकडे बघत नव्हती. तिचा फोन उशीआड होता आणि त्याचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. ती माझ्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघावं तशी, फार मायेनं. माझी नजर गेल्यावर तिनं फोन हळूच पालथा घातला.

"सिट डाउन, बाबा," ती म्हणाली. "यू आर ग्रँड."

विचारलं असतं तर तिनं निकाल सांगितला असता. आयुष्यात पहिल्यांदा मला विचारायचं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि टीव्हीकडे बघायला लागलो. तिथं आमचा खेळाडू अजून पळत होता.