माझे संकट माशाच्या नावे करू नये

अर्जदार मी, कचेरीबाहेरचा अर्जलेखक. पीडित, आमच्या काचेच्या पेटीतला सोनेरी मासा. साक्षीदार, पत्नी व मेहुणा. मासा कालपासून तळाशी आडवा पडून कष्टाने कल्ले हलवीत आहे. मी त्याचे थोडे पाणी बदलीत असता मेहुणा म्हणाला, "दाजी, कशाला खटाटोप? मासा मेला की घरावरचं संकट घेऊन जातो."

पत्नी म्हणाली, "जाऊ द्या त्याला. तुमचं ऑपरेशन तरी नीट होईल."

माशाची संमती कोणी घेतली? आपली दुखणी मुक्या जिवाच्या गळ्यात बांधण्याची ही जुनी वहिवाट मला साफ नामंजूर आहे. तरी संकटे वाटणारा जो कोणी असेल, त्यास विनंती की, माझे संकट माझ्याच पत्त्यावर पाठवावे आणि माशास मोकळे केल्याचे लेखी कळवावे.