मेव्हण्यांचा बास

आमचे मेव्हणे, म्हणजे ताईचे यजमान, आवाजातले स्वयंघोषित जाणकार. दुसऱ्याच्या घरी गाणं लागलं की नाक मुरडणारच. परवा त्यांनी कॉम्प्युटर कन्व्हर्टरला, कन्व्हर्टर रिसीव्हरला आणि रिसीव्हर सबवूफरला, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरला, जोडला आणि आम्हाला सोफ्यावर बसवलं.

"डोळे मिटा! असा बास तुमच्या डबड्यांतून जन्मात येणार नाही."

फरशी खरोखरच थरथरत होती. आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

तेवढ्यात ताई हात पुसत आली. "कपडे धुऊन झाले. मशीन बंद केलं."

थरथर थांबलीच होती. गाणं कॉम्प्युटरच्याच टिचभर स्पीकरमधून किरकिरत होतं. आवाज कन्व्हर्टरकडे पाठवायची सेटिंग या जाणकारांनी केलीच नव्हती.

मेव्हण्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाले, "आत्ता कसा बास मुरला बघा!"